पाय दे, रेशमा



मागच्या लेखात गृहपाठाबद्दल लिहिताना मी ओझरतं म्हटलं होतं की आमच्या घरात एक नवी विद्यार्थिनी आली आहे आणि तिला चार पाय आहेत. त्यावर दोन-तीन भगिनींनी फोन करून चौकशी केली. एकीला वाटलं बकरी पाळली, दुसरीला वाटलं मी कुणाची तरी थट्टा करते आहे. तर या वेळी तिचीच हकीकत सांगते. ती घोडी आहे. नाव रेशमा. भाईजानने डिसेंबरात सारंगखेड्याच्या बाजारातून आणली.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. सारंगखेडा हे नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठचं गाव. दत्तजयंतीला तिथे यात्रा भरते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा मोठा बाजार. आमचे अब्बा हयात असताना माथेरानसाठी घोडं घ्यायचं म्हणजे तिथेच जायचे. त्यांच्यामागे भाईजान जातो. आम्ही राहतो नेरळला, डोंगराच्या पायथ्याशी. वर माथेरानात मोटारीला बंदी असल्यामुळे दस्तुरी नाक्यापासून पुढे बरीच माणसं चालत जातात, नाही तर घोड्यावर. आता ई-रिक्षाही आल्या. त्यामुळे घोडेवाल्यांचं गणित बदललंय आणि भाईजानच्या कपाळावरच्या आठ्या वाढल्यात. तरी त्याने घोडी घेतलीच. पैशात भाभीच्या दोन बांगड्या गेल्या, हे मला नंतर कळलं.

घोडी देखणी आहे. कुम्मैत रंग, कपाळावर पांढरा ठिपका. दात बघितले तर मधले दोन पक्के आलेले, शेजारचे अजून दुधाचे. म्हणजे वय तीनच्या आसपास. म्होरकीला धरून चालते, गर्दीला बुजत नाही, चंदी खाताना अंगावर येत नाही. सगळं चांगलं, फक्त पायाला हात लावू देत नाही. खांद्याच्या खाली हात गेला की कान मागे आणि माणूस दूर. मागच्या उजव्या पायाच्या घोट्यावर, खुराच्या जरा वर, केस उडून गेलेली एक गोल रेघ आहे. कुणीतरी कधीतरी दोर घालून पाय ओढला असणार. विकणाऱ्याने अर्थातच सांगितलं नाही.

पायाला हात लावू न देणारं घोडं घोडेवाल्याच्या काय कामाचं? नेरळहून माथेरानचा चढ, वर जांभ्या दगडाच्या वाटा, मध्ये कडक रस्ता. नाल नसेल तर खूर झिजून घोडं लंगडायला लागतं. आणि नाल एकदा मारली की झालं असंही नाही. खूर नखासारखा वाढत असतो, महिन्याला साधारण आठ-दहा मिलिमीटर. म्हणून दर सहा ते आठ आठवड्यांनी नाल काढायची, खूर तासायचा, पुन्हा नाल ठोकायची. वर्षातून सात-आठ वेळा तरी हे करावंच लागतं. शिवाय रोज खूर कोरून त्यात अडकलेले खडे, शेण काढायचं. पावसाळ्यात चिखलात उभं राहून खुराच्या तळव्यातला तो त्रिकोणी मऊ भाग, ज्याला अब्बा ‘पुतली’ म्हणायचे, काळा पडून सडतो, घाण वास येतो. ते वेळेवर दिसायचं तर पाय उचलून बघायला नको?

आमच्याकडे यावर जुना उपाय आहे. चार माणसं जमवायची, दोर टाकून घोड्याला आडवं पाडायचं, पाय बांधायचे आणि नाल ठोकायची. नाही तर वरच्या ओठाला फास घालून काठीने पीळ द्यायचा, म्हणजे दुखण्यापुढे त्याला दुसरं काही सुचत नाही. दोन वर्षांपूर्वी भाईजानने एका तरण्या घोड्याला असंच पाडलं होतं. नाल बसली. पण त्यानंतर नालबंदाची हातोडी नुसती दिसली तरी ते घोडं दोर तोडायचं. तिसऱ्या वेळी त्याने लाथ झाडली ती भाईजानच्या मनगटावर. हाड मोडलं, ऐन मे महिन्याचा हंगाम बुडाला आणि ते घोडं पडेल त्या भावात विकावं लागलं. एवढं होऊनही जानेवारीत रेशमासाठी पुन्हा दोर शोधणं चालू झालं, तेव्हा मी मध्ये पडले.

मी काही घोड्यांची जाणकार नाही. पण लहानपणी अब्बांच्या मागे-मागे तबेल्यात फिरले आहे. अब्बांनी एकही घोडं पाडलं नाही. ते शिंगरू आठ-दहा दिवसांचं असल्यापासून त्याचे पाय रोज चोळायचे. तीन वर्षांनी नालबंद आला की ते घोडं झोपेत असल्यासारखं पाय द्यायचं. रेशमाच्या नशिबी ते नव्हतं. तिला आता मोठेपणी शिकवायचं होतं, आणि त्यातही आधीचं वाईट शिकवणं पुसून. शिक्षकांना हे दुसरं काम किती अवघड असतं ते ठाऊक आहे.

“रमजान लागायच्या आधी नालबंदचाचा येणार आहेत,” भाईजान म्हणाला, “पाच आठवडे आहेत. तुला जमतंय तर कर. नाही जमलं तर मी माझ्या पद्धतीने करीन.”

आता काम करणार कोण? माझं वय, माझे गुडघे आणि गल्लीतल्या बायांची तोंडं, तिन्ही आडवी. पाय उचलायला तरणा माणूस हवा. तो होता भाईजानचा मुलगा, माझा भाचा. नववीत आहे, आमच्याच शाळेत. आणि खरं सांगायचं तर त्याचं-माझं वर्षभर बोलणं नव्हतं. आठवीत असताना मी त्याला वर्गात उभं करून उर्दूचा धडा वाचायला लावला होता. तो अडखळला, मुलं हसली आणि मी त्यांना गप्प करण्याऐवजी त्यालाच म्हणाले, “फुफीच्या घरचा असून ही तऱ्हा?” त्या दिवसापासून तो माझ्या घरी यायचा बंद झाला. शाळा सोडून घोडं चालवायचं असं त्याने घरात जाहीर केलं होतं. आता असरनंतर रोज अर्धा तास आम्ही दोघं आणि ती घोडी.

पहिल्या दिवशी मी त्याला एवढंच सांगितलं, “पायाचं नाव काढायचं नाही. फक्त मानेवर हात.”

घोडं हे पळून जीव वाचवणारं जनावर आहे. वाघ-लांडगा आला तर त्याच्याकडे शिंग नाही, नख नाही, आहेत ते पाय. असा पाय कुणाच्या हातात देणं म्हणजे पळण्याची वाटच देऊन टाकणं. ते नुसत्या हट्टाने नाही म्हणत नाही, ही गोष्ट पोराला पटायला आठवडा लागला. आणखी एक गोष्ट आहे. घोड्याला दोन्ही बाजूंचं खूप दूरवर दिसतं, पण थेट पाठीमागचं आणि स्वतःच्या नाकाखालचं दिसत नाही. म्हणून मागून जायचं नाही, समोरून कपाळावर हात टाकायचा नाही. डाव्या खांद्याकडून, तोंडाने काहीतरी बोलत जायचं.

आयाळ संपते तिथे पाठीचा उंचवटा असतो. घोडी एकमेकींना तिथेच दातांनी खाजवतात. भाच्याने तिथे बोटांनी खाजवलं. चौथ्या दिवशी रेशमाचा वरचा ओठ लांब होऊन थरथरायला लागला. पोरगा हसला. मी त्याला वर्षभरात हसताना पाहिलं नव्हतं.

मग हात खांद्यावर, खांद्यावरून कोपरापर्यंत, तिथून खाली. इथे एकच नियम, पण तो जिवापाड पाळायचा: ती शांत उभी असताना हात काढायचा, ती हलत असताना नाही. हात पायावर आहे, तिने पाय झटकला आणि आपण घाबरून हात काढला, तर ती काय शिकली? झटकलं की सुटका होते. पुढच्या वेळी जोरात झटकेल. त्याउलट हात हलका ठेवून तिच्या पायाबरोबर जाऊ दिला, आवळला नाही, आणि ती क्षणभर थांबली की लगेच काढला, तर ती शिकते की उभं राहिलं की सुटका होते. त्या सुटकेच्या क्षणातच तिचा धडा आहे. गुळाचा खडा दिला तरी चालतो, पण आधी हात निघाला पाहिजे, मग गूळ. आम्ही गूळ फार दिला नाही, खिशात तोंड घालायची सवय लागते.

मागच्या पायांना पहिले दहा दिवस हात लावलाच नाही. एका लांब काठीला जुना मोजा गुंडाळला, त्यात चिंध्या भरल्या, आणि तो मोजा लांबून तिच्या मांडीवर, ढुंगणावर, पायावर फिरवला. लाथ बसलीच तर मोज्याला. पहिल्या दिवशी मोजा तीन वेळा उडाला. काठी मात्र हलवली नाही, ती थांबेपर्यंत तिथेच ठेवली.

पुढचा पाय उचलण्याची रीत अशी. तिच्या खांद्याजवळ, तोंड तिच्या शेपटीकडे करून उभं राहायचं. खांद्याने तिला हलकेच रेलायचं, म्हणजे ती वजन पलीकडच्या पायावर टाकते. घोड्याच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भार पुढच्या पायांवर असतो. वजन न हलवता पाय ओढणं म्हणजे कुणी बसलेलं असताना त्याची खुर्ची ओढण्यासारखं आहे. मग हात नळीच्या मागच्या बाजूने खाली न्यायचा, घोट्याच्या वर शिरांना बोटांनी हलकं दाबायचं आणि शब्द उच्चारायचा. आमचा शब्द ‘पाय’. भाच्याला ‘पैर’ हवा होता. मी म्हटलं, नालबंदचाचा मराठी बोलतात, वरचे गिऱ्हाईकही मराठी. घोडी मराठी माध्यमात जाईल.

पहिल्यांदा तिने फक्त टाच उचलली. एवढं पुरे. सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी दोन बोटं उंच. तिसऱ्या दिवशी पूर्ण पाय, एक सेकंद. भाचा म्हणे, आता धरून ठेवू या. मी घड्याळ घेऊन उभी होते. “तिने मागायच्या आधी तू खाली ठेव.” आणि आपटायचा नाही, हाताने जमिनीपर्यंत नेऊन ठेवायचा.

बाराव्या दिवशी घोळ झाला. शाळेत तपासणी होती, मला उशीर झाला, मी चिडलेलीच आले. अंधार पडायला लागला होता. पोरगा म्हणाला आज राहू दे, मी म्हटलं नाही, नेम मोडायचा नाही. त्याने पाय धरला, मी घड्याळात बघत “अजून, अजून” म्हणत राहिले. तेवढ्यात गल्लीतला कुत्रा भुंकला. तिने पाय खेचला, तो पडला, त्याच्या कोपराचं सालटं निघालं. उठला आणि हातातल्या दोराचा एक फटका तिच्या मानेवर ओढला. पुढचे तीन दिवस रेशमा त्याला खांद्यालाही शिवू देईना.

तो ओट्यावर बसून रडत होता. म्हणाला, “चूक तुमची होती फुफी, मार मी तिला दिला.” खरं होतं. मी तसं म्हटलंही. आणि मग मला आठवीचा तो तास आठवला. तोही मी बोलून टाकला. तो काही बोलला नाही, पण सालट्यावर हळद लावून घेतली.

पुन्हा मानेपासून सुरुवात केली. या वेळी मी त्याला एक वही दिली, रोज काय झालं ते लिहायला. कुठल्याही भाषेत लिही म्हटलं. तो उर्दूत लिहितो. तारीख, कोणता पाय, किती सेकंद, कान कुठे होते. ‘सेकंद’ हा शब्द त्याने सात दिवसांत तीन तऱ्हांनी लिहिला. माझ्या पर्समध्ये लाल पेन असतं. मी ते काढलं नाही. आठव्या दिवशी मात्र एक दुरुस्ती केलीच, ती पेन्सिलीने. मास्तरीण आहे शेवटी.

मागच्या पायांचं वेगळं असतं. हात पाठीवरून ढुंगणावर, तिथून मांडीवर न्यायचा आणि स्वतः अंगाला चिकटून उभं राहायचं. दूर उभं राहिलं तर लाथेचा पूर्ण जोर बसतो, चिकटून राहिलं तर ढकलल्यासारखं होतं. पाय उचलला की घोडं तो आधी पोटाकडे आखडून घेतं. नवखा माणूस त्याला लाथ समजून सोडून देतो. सोडायचा नाही, ओढायचाही नाही, तो सैल पडेपर्यंत हात त्याच्याबरोबर ठेवायचा. आणि उंच धरायचा नाही, बाहेरच्या बाजूला तर नाहीच. तिचा सांधा तसा वळत नाही, तिला दुखतं, आणि आपण म्हणतो घोडी वाईट आहे. पायात चपला नकोत, बूट हवेत. गुडघे टेकून बसायचं नाही, उकिडवं राहायचं. म्होरकी धरणारा आणि पाय धरणारा एकाच बाजूला, म्हणजे गडबड झाली तर घोडीला पलीकडे सरकायला जागा राहते.

डाव्या मागच्या पायाने वीस दिवसांत मान्य केलं. उजव्याने, ज्यावर ती रेघ आहे, केलं नाही. सेकंदभर, दोन सेकंद, मग थरथर. भाच्याने वहीत त्या पायापुढे रोज एक छोटी रेघ काढली.

शेवटच्या आठवड्यात हातोडीची तयारी. आधी खुरावर तळहाताने थापटायचं, मग लाकडाच्या तुकड्याने, मग लहान हातोडीने टक टक. कानस आधी नुसती हुंगायला द्यायची, मग खुरावर एकदाच फिरवायची. भाईजानच्या जुन्या शांत घोड्याला तिच्यासमोर बांधून त्याचे खूर कोरले, तिला बघू दिलं. त्याच आठवड्यात माझ्या पाचवीच्या वर्गात सूरह अल-आदियातचा विषय निघाला, तिच्यात धावत्या घोड्यांच्या टापांतून उडणाऱ्या ठिणग्यांचा उल्लेख आहे. एका पोराने विचारलं, खरंच उडतात का? आमच्या चढावर संध्याकाळी उभं राहिलं तर दगडावर नाल घासून उडालेली ठिणगी दिसते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून छातीठोकपणे हो म्हटलं. ‘नाल’ हा शब्दही मूळ अरबीतला ‘नअ्ल’ आहे, म्हणजे जोडा, वहाण. उर्दूत आपण ‘नालैन’ म्हणतो तो त्याचाच भाऊ. पोरांना घोड्याची चप्पल ही कल्पना फार आवडली.

नालबंदचाचा ठरल्या दिवशी सकाळी आले. सत्तरीला टेकलेले, पाठीत वाक. भाईजानने दोर आणून ओट्यावर ठेवला होता. मी बघितला, काही बोलले नाही. चाचांनी घोडीकडे बघितलं, मग पोराकडे. “कुणी शिकवलंय?” भाचा म्हणाला, “मी.” माझ्याकडे बघितलंही नाही त्याने. बरं वाटलं.

पुढचे दोन्ही पाय तिने दिले. चाचांनी वाढलेला खूर पकडीने कापला, कानशीने सपाट केला, नाल लावून बघितली, पुन्हा कानस. बाहेरचा कडक भाग नखासारखा असतो, त्याला कळत नाही. खिळा आत जिवंत भागात गेला तर घोडं लंगडं होतं. आणि घोड्याला धनुर्वात चटकन होतो, म्हणून त्याची लस टोचून घेतलेली बरी. आम्ही ती आठवडाभर आधी सरकारी दवाखान्यात देऊन आणली होती. चाचांचा खिळा आत जातो तो ते आवाजावरून ओळखतात. रेशमाने प्रत्येक ठोक्याला कान हलवले, पाय नाही. भाचा तिच्या मानेशी उभा राहून काहीतरी पुटपुटत होता.

मागचा डावा पायही झाला, मध्ये दोनदा खाली ठेवून, तिला दम खाऊ देऊन. उजव्याला चाचांनी हात लावला आणि ती थरथरायला लागली. भाईजानचा हात दोराकडे गेला. भाचा म्हणाला, “अब्बा, नको.” एवढंच. चाचांनी पाय दोन सेकंद धरला, कानस एकदा फिरवली आणि खाली ठेवला. म्हणाले, “एवढं आज बास. तीन नालांनी हिला वर न्यायची नाही, आणि तीन पायांत नाल ठेवून एक मोकळा हेही बरं नाही.” मग मागच्या डाव्या पायाची नुकतीच ठोकलेली नाल त्यांनी स्वतःच काढली. पुढे दोन नाला, मागचे दोन पाय मोकळे. सपाट गल्लीत चालवायला हरकत नाही म्हणाले. काढलेल्या नालेचे पैसे मात्र घेतले.

भाईजान दिवसभर घुश्शात होता. हंगामाचा एक महिना त्यात जाणार, त्याचा हिशेब चुकीचा नाही. रात्री भाभीने मला जेवायला थांबवून घेतलं. दोर ओट्यावरून कुणी उचलला माहीत नाही, पण सकाळी तो पाण्याच्या बादलीला बांधलेला दिसला.

चाचा आता ईदनंतर येणार आहेत. रमजानमध्ये असरनंतर पोराच्या अंगात त्राण नसतं, म्हणून आम्ही वेळ बदलून तरावीहनंतर ठेवली आहे, दिव्याच्या उजेडात, दहाच मिनिटं. कालच्या पानावर त्याने लिहिलंय: मागचा उजवा, अकरा सेकंद, कान पुढे.